पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये रकमा कशा साठवायच्या? डबल, डेसिमल की सरळ पैशांत पूर्णांक?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत आमची छोटी टीम आहे, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. आता एका संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं काम आलंय आणि जुन्या डेटाबेसमध्ये बचत, पिग्मी, कर्ज सगळ्या रकमा डबलमध्ये (अपूर्णांक बायनरीत, थोडे अंदाजे साठवणारा प्रकार) आहेत. दर महिन्याला तेरीज (ट्रायल बॅलन्स) काही पैशांनी चुकते, हेडक्लार्क तो फरक हाताने राउंड ऑफ खात्यात टाकतात आणि पुढे जातात. त्याहून वाईट म्हणजे काही कर्जखाती पूर्ण फिटूनही बंद होत नाहीत, उताऱ्यावर बाकी दिसते -०.०० आणि सभासद विचारतो की हे वजा शून्य म्हणजे मी देणं लागतो की संस्था. नव्यात काय वापरावं? डेसिमल कॉलम (दशांश अंक जसेच्या तसे ठेवणारा) की पैशांत पूर्णांक? व्याज नेमकं कुठे राउंड करायचं? आणि जुना डबलमधला डेटा आणताना काय काळजी घ्यायची? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांचं ऐकायला आवडेल.

बिटबायटे
डबल नको. विषय संपला :)

कृष्णाकाठ
@बिटबायटे ते पटलंय हो, पण संचालक मंडळाला समजावून सांगायचंय. "इतकी वर्षं चाललं की" हे उत्तर येतं.

बिटबायटे
मग हे सांगा. दहाचा भाग २ आणि ५ ने जातो, आणि बायनरीत फक्त दोनच्या घातांचेच भाग नेमके बसतात. त्यामुळे १० पैसे म्हणजे ०.१ बायनरीत कधीच पूर्ण लिहिता येत नाही, जसं दशांशात एक तृतीयांश लिहिता येत नाही. म्हणून ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं आणि ०.१ दहा वेळा मिळवलं तर ०.९९९९९९९९९९९९९९९९. तुमचं कर्जखातं नेमकं इथेच अडकतंय. कोडमध्ये कुठेतरी "बाकी शून्य असेल तर खातं बंद" असं लिहिलेलं असणार, बाकी शून्य होतच नाही, ती वजा अब्जांश वगैरे राहते आणि छापताना दोन दशांशात आली की -०.०० दिसते.

मंडळाला सगळ्यात लवकर पटेल असं उदाहरण म्हणजे ४.३५ गुणिले १००. बऱ्याच भाषांत उत्तर येतं ४३४.९९९..., त्याचा पूर्णांक घेतला की ४३४. सभासदाचा एक पैसा गेला, आणि कुणी चोरला नाही.

सीए_ताई
+१. आम्ही लेखापरीक्षणाला बसतो तेव्हा रक्कम किती हे दुय्यम, फरक का आला ते सांगता येतंय का हे बघतो. सात पैशांचा फरक आणि कारण माहीत नाही, हे मला सात हजारांच्या कारण माहीत असलेल्या फरकापेक्षा जास्त त्रास देतं. कारण पैशांचा फरक म्हणजे दोन मोठ्या चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन बसल्यात असंही असू शकतं. हेडक्लार्क दर महिन्याला राउंड ऑफ खात्यात टाकतात म्हणता, त्या खात्याचा वर्षभराचा उतारा काढा आणि बघा, तो एकाच बाजूला वाढतोय का. राउंडिंग नीट असेल तर तो थोडा इकडे थोडा तिकडे होतो. एकाच बाजूला सरकत असेल तर कुठेतरी पैसे कापले जातायत, राउंड होत नाहीयेत.

पुणेरी_क्वांट
थोडं वेगळं मत मांडतो. डबलला उगाच शिव्या पडतात. त्यात १५ आकडे भरवशाचे मिळतात, दोन पुढचे राउंडिंगला सोडले तरी पतसंस्थेच्या सगळ्या रकमा आरामात बसतात. आम्ही बॉण्डच्या किमती, एक्सआयआरआर (वेगवेगळ्या तारखांच्या गुंतवणुकीचा वार्षिक परतावा), रिस्क मॉडेल सगळं डबलमध्ये करतो. एक्सआयआरआर तर अंदाज घेत घेत जवळ जायचं गणित आहे, तिथे डेसिमल लावून फक्त वेळ जातो. प्रत्येक पायरीला शिस्तीत दोन दशांशात राउंड केलं तर डबलनेही चालतं.

बिटबायटे
@पुणेरी_क्वांट दर शोधायला, अंदाजाला डबल ठीकच आहे, त्यावर वाद नाही. पण खतावणीत ती "शिस्त" प्रत्येक डेव्हलपरने प्रत्येक ओळीत पाळायची, आणि पाच वर्षांनी नवीन आलेल्या मुलानेही. शिवाय राउंड करतानाच फसवणूक होते. १.००५ दोन दशांशात करा, जावास्क्रिप्ट १.०० देतं, कारण आत ते १.००४९९९... असं साठलेलं आहे. पायथॉनमध्ये २.६७५ चे २.६७ होतात. हिशोबनीस हाताने १.०१ आणि २.६८ लिहील, आणि बरोबर तोच असेल.

पुणेरी_क्वांट
खतावणीसाठी मान्य. माझं म्हणणं एवढंच की सगळीकडे डेसिमल असा हट्ट नको. दर काढताना डबल, पण एकदा रक्कम ठरली की नेमका प्रकार.

कोबोलकाका
तुम्हा मुलांना एक गंमत सांगतो. हा प्रश्न आमच्याकडे नव्हताच. कोबोल १९५९ सालची भाषा, ती बनवतानाच धंद्याच्या हिशोबासाठी बनवली, रकमेचं फील्ड जाहीर करतानाच किती आकडे आणि दशांश कुठे ते लिहायचं. मेनफ्रेमवर पॅक्ड डेसिमल, म्हणजे एका बाइटमध्ये दोन दशांश अंक आणि शेवटी चिन्ह. बेरीज दशांशातच. बँकांचे मेनफ्रेम अजून चालतात त्यामागे हेही एक कारण आहे. आयईईई ७५४ हे फ्लोटचं (डबल त्यातलाच मोठा प्रकार) प्रमाण १९८५ चं, त्यात दशांश फ्लोट आले थेट २००८ च्या आवृत्तीत. मधल्या काळात जे पर्सनल कॉम्प्युटरवर हिशोब लिहायला लागले त्यांनी हातात होतं ते डबल वापरलं. तुमच्या संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर बहुधा त्याच वंशातलं.

रानभुली
काका, रच्याकने (जाता जाता) एक डोक्यात आलं. जुना रुपया १६ आण्यांचा, आणि ६४ पैशांचा. १६ आणि ६४ दोन्ही दोनचे घात! म्हणजे आणे-पैशात हिशोब असता तर डबलमध्ये एक कवडीही चुकली नसती.

कोबोलकाका
वा! पै मात्र चुकली असती, रुपयाच्या १९२ पै, त्यात तीन आला :) पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही आपण पाठ केलेली सगळी अपूर्णांकांची कोष्टकं बायनरीत तंतोतंत बसतात. साडेतीन, अडीच, पावणेदोन, सगळे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले, आणि तो पाव पैसा कुणी सोसायचा यावरून दुकानात वाद. राउंडिंगचा प्रश्न त्या दिवशी घराघरात पोचला.

रानभुली
माझी आजी अजून औटकी म्हणून दाखवते. तिला सांगते तू बायनरी येणारी बाई आहेस.

मस्कतकर
मूळ प्रश्नाकडे. पैशांत पूर्णांक साठवणार असाल तर "गुणिले १००" कोडमध्ये ठिकठिकाणी लिहू नका. मी ओमानमध्ये बिलिंगचं काम बघतो, इथे एका रियालचे १००० बैसा, कुवेत आणि बहरीनचे दिनारही हजार फिल्सचे. भारतातून आलेलं एक पॅकेज इथे लावलं होतं, त्यात दोन दशांश पक्के लिहिलेले, १२.३४५ रियालचं बिल १२.३५ होत होतं. व्हॅट ५ टक्के लागला की रोज दुकानदाराशी वाद. उलट जपानी येनला दशांशच नाहीत, तिथे शंभराने गुणलं तर शंभरपट रक्कम कापली जाईल. चलनासोबत किती दशांश हे आयएसओ ४२१७ मध्ये दिलेलं असतं, ते टेबलमध्ये ठेवा.

पतसंस्थेला येन लागणार नाहीत हे कळतं मला, पण एक फंक्शन एका ठिकाणी असलं की ते तपासायला सोपं.

सिप_वाली
पैशांत पूर्णांक म्युच्युअल फंडात पुरत नाहीत हे पण लक्षात घ्या. ५००० ची एसआयपी केली की ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क जाऊन (१ जुलै २०२० पासून) ४९९९.७५ गुंतवले जातात. समजा एनएव्ही (एका युनिटची किंमत) ८७.६५४३, युनिट तीन दशांशात, आले ५७.०३९. आता युनिट गुणिले एनएव्ही करा, ४९९९.७१ येतात. चार पैसे गेले कुठे? कुठेच नाही, युनिट तीन दशांशात थांबले म्हणून. त्यामुळे रक्कम, युनिट, एनएव्ही तिन्ही वेगवेगळे साठवायचे, एकातून दुसरं परत काढायचं नाही. प्रत्येकाचे दशांश वेगळे. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्यांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

कृष्णाकाठ
खूप छान माहिती मिळतेय. @मस्कतकर एक फंक्शन हे लिहून घेतलं. आमच्याकडे सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेस आहे, तिथे न्यूमेरिक (त्यातला डेसिमल) वापरायचा विचार आहे. पिग्मी एजंटच्या मोबाइल ॲपमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस.

अँड्रॉइड_अण्णा
थांबा थांबा. एसक्यूलाइटमध्ये डेसिमल प्रकारच नाही! कॉलमला डेसिमल असं नाव दिलं तरी ते तक्रार न करता घेतं आणि आत अपूर्णांक रिअल म्हणजे डबल म्हणूनच ठेवतं. सर्व्हर चोख आणि मोबाइलवर परत तोच घोळ. पिग्मी ॲपमध्ये पैशांत पूर्णांक ठेवा आणि ६४ बिटचा ठेवा. ३२ बिटचा घेतलात तर मर्यादा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे, एका एजंटला पुरेल पण शाखेच्या बेरजेला नाही, आणि ओलांडला की आकडा उलटा होऊन वजा दिसतो.

अजून एक, सर्व्हरशी बोलताना जेसनमध्ये (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) रक्कम आकडा म्हणून पाठवू नका, मजकूर म्हणून पाठवा किंवा पैशांत पूर्णांक. मधलं कुणीतरी त्याला डबल करूनच वाचतं.

नगरी_नाना
मायएसक्यूएल वाल्यांनी पण ऐका. फ्लोट (१०,२) असा कॉलम बघितला की लोकांना वाटतं दोन दशांश पक्के. साधा फ्लोट साधारण सातच आकडे धरतो. १२,३४,५६७.८९ टाका, परत वाचा, १२,३४,५६७.८८ मिळतात. एक पैसा टाकल्या टाकल्या गायब, काही गणित न करता. डेसिमल आणि फ्लोट, कंसातले आकडे सारखे, वागणं पूर्ण वेगळं.

जावा_जयश्री
आमच्याकडे बिगडेसिमल (जावाचा नेमका दशांश प्रकार) आहे, त्यातले तीन खड्डे सांगते. बिगडेसिमलला डबल देऊन बनवलं तर घाण आतच येते, ०.१ दिलं तर एकानंतर सोळा शून्यं आणि मग ५५५ असं लांबलचक शेपूट निघतं, म्हणून नेहमी मजकुरातून बनवायचं. दुसरं, इक्वल्सने २.० आणि २.०० वेगळे ठरतात, तुलना करायची तर कम्पेअरटू. तिसरं, १० भागिले ३ राउंडिंग न सांगता केलं तर थेट एक्सेप्शन (प्रोग्राम चूक दाखवून थांबतो), आणि ते टेस्टमध्ये सापडत नाही कारण टेस्टमध्ये सगळे १०० ला ४ ने भागतात. पण ते एक्सेप्शन मला आवडतं. भाषा तुम्हाला विचारतेय की उरलेल्या पैशाचं काय करू, आणि हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊच नये.

सीए_ताई
@जावा_जयश्री शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. मला वाटतं या धाग्यात प्रकारावर जास्त बोलणं झालं आणि नियमावर कमी. डेसिमल घेतला की निम्मंच काम झालं. कधी राउंड, कुठल्या दिशेने, आणि उरलेला पैसा कुणाचा, हे कागदावर लिहून संस्थेकडून सही घ्या.

दिशा बघा. जीएसटी कायद्याचं कलम १७० म्हणतं की देय रक्कम जवळच्या रुपयात, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ठेवींवरचं व्याज वगैरे असंच सांगितलंय, ५० पैसे असले की वर. आता पायथॉनचं राउंड आणि डॉटनेटचं मॅथ राउंड मुळात बरोबर मध्यावर असेल तर सम आकड्याकडे जातात, २.५० चे २ करतात. एक्सेलच्या शीटमध्ये राउंड लिहिलं तर ३, आणि त्याच एक्सेलच्या व्हीबीएमध्ये (मॅक्रो लिहायची भाषा) २. मी शीटमध्ये तपासते, तुमचा मॅक्रो वेगळं सांगतो, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर. सम आकड्याकडे जाण्याची पद्धत संख्याशास्त्राला चांगली आहे, पण नियमात ५० पैसे वर लिहिलेत तिथे ती चुकीचीच.

कृष्णाकाठ
हे महत्त्वाचं आहे ताई. आणि व्याज कधी राउंड करायचं? जुनं सॉफ्टवेअर रोजचं व्याज रोज दोन दशांशात करून साठवतं असं दिसतंय.

सीए_ताई
रोज राउंड?? बाई गं. हिशोब मांडून बघा. १०,००० शिल्लक, ३ टक्के, दिवसाचं व्याज ०.८२१९... ते ०.८२ केलं आणि ९१ दिवस मिळवलं तर ७४.६२. न कापता मिळवलं तर ७४.७९. सतरा पैसे. आता लहान सभासद बघा, तिथे खरा अन्याय दिसेल. ६० रुपये शिल्लक असेल तर रोजचं व्याज अर्ध्या पैशाच्या किंचित खाली, रोज शून्य, वर्षभर शून्य, मिळायला हवे होते १ रुपया ८० पैसे. आणि ६१ रुपये असतील तर रोज एक पैसा, वर्षाला ३.६५, म्हणजे दुप्पट. एका रुपयाच्या फरकाने एकाला काहीच नाही आणि दुसऱ्याला दुप्पट. रोजचं व्याज सहा-आठ दशांश ठेवून साठवायचं आणि खात्यात जमा करताना एकदाच राउंड.

बिटबायटे
हे असं साठत जाणं किती मोठं होतं त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण व्हँकुव्हर शेअर बाजाराचं. जानेवारी १९८२ मध्ये निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर नवा आकडा काढायचा आणि तीन दशांशानंतरचं राउंड न करता नुसतं कापायचं. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. नीट मोजला तेव्हा १०९८.८९२ निघाला. बाजार वर चाललेला आणि आकडा अर्ध्यावर. तिसऱ्या दशांशानंतरचं कापून.

पुणेरी_क्वांट
हे उदाहरण मात्र बघा, डबल असो वा डेसिमल, कापलं असतं तर दोन्हीत हेच झालं असतं. ताईंच्या मुद्द्याला माझं अनुमोदन.

किराणा_किरण
माझं बिलिंग सॉफ्टवेअर आहे दुकानांसाठी. राउंडिंग ओळीवर की बिलावर, यावर बोला कुणीतरी. ३३.३० ची वस्तू, ५ टक्के जीएसटी, सीजीएसटी अडीच टक्के म्हणजे ०.८३२५, केले ०.८३. अशा तीन ओळी, २.४९. एकूण ९९.९० वर काढला तर २.५०. सीजीएसटी एसजीएसटी मिळून बिलात दोन पैशांचा फरक. शिवाय एका ओळीचा पूर्ण कर १.६६५ काढून १.६७ केला तर तो दोन समान भागात वाटताच येत नाही.

सीए_ताई
@किरण दोन्ही भाग वेगळे काढा, सीजीएसटी आणि एसजीएसटी, आणि बेरीज त्यांची करा. एकूण काढून अर्धं करू नका. ओळीवर की बिलावर, जे ठरवाल ते बिलात, रिटर्नमध्ये आणि क्रेडिट नोटमध्ये एकच ठेवा. शेवटच्या रुपयात राउंड करायची ओळ बिलावर वेगळी दाखवा.

जावा_जयश्री
क्रेडिट नोटवरून आठवलं, उलट नोंद परत गणित करून बनवू नका. जावास्क्रिप्टमध्ये २.५ चे ३ होतात आणि वजा २.५ चे वजा २. मूळ नोंद ३ ची आणि उलट नोंद २ ची, एक रुपया लटकला. साठवलेली रक्कम घ्यायची, चिन्ह बदलायचं, बस.

कोबोलकाका
वाटणीचंही तसंच. हजार रुपये तिघांत, ३३३.३३ तीनदा, एक पैसा उरतो. आधी सगळ्यांना खाली कापून द्यायचं, मग उरलेले पैसे ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना एकेक, बरोबरी असेल तर खाते क्रमांकाने. कसं वाटलं हे उद्या पुन्हा चालवलं तरी तेच आलं पाहिजे. कर्जाचे हप्तेही. एक लाख, १२ टक्के, १२ महिने, हप्ता ८८८४.८८, संस्था घेणार ८८८५, मग शेवटचा हप्ता साधारण दीड रुपयाने कमी घ्यायचा आणि तो उरलेल्या मुद्दल अधिक व्याजावरूनच काढायचा. @कृष्णाकाठ, तुमची बंद न होणारी खाती तपासताना हेही बघा. -०.०० वाली वेगळी आणि -१.५४ वाली वेगळी.

वाटसरू
वाखुसा (वाचनखूण साठवली). नुसता वाचत होतो, प्रतिसाद द्यायला लॉगिन केलं.

कृष्णाकाठ
काका, आत्ताच चालवून बघितलं, दोन्ही प्रकारची आहेत. आता जुना डेटा. सगळं सरळ दोन दशांशात राउंड करून आणू का?

नगरी_नाना
सरसकट नको. आधी प्रत्येक रक्कम आणि तिचं दोन दशांशातलं रूप यांतला फरक काढा. फरक दशलक्षांशाच्या आत असेल तर तो डबलचा कचरा, राउंड करा. त्याहून मोठा असेल तर तिथे खरोखर पैशाचा भाग साठलाय, साचलेलं व्याज वगैरे, ती यादी वेगळी काढा आणि एकेक कॉलम समजून घ्या. राउंड झाल्यावर छापलेल्या पासबुकाशी ताडून बघा, सभासदाच्या हातात जे छापून गेलंय तेच खरं. बदल महिनाअखेरीला करा, आधीची आणि नंतरची तेरीज दोन्ही छापून ठेवा.

सीए_ताई
आणि जो एकूण फरक येईल तो एकाच नोंदीने राउंड ऑफ खात्यात, मंडळाचा ठराव करून, सोबत खातेनिहाय यादी जोडून. -०.०० वाली खाती त्यातच बंद होतील. -१.५४ वाली तशी बंद करू नका, तो सभासदाचा पैसा आहे, त्याला परत द्यायचा.

कृष्णाकाठ
हो. ती यादी आजच वेगळी काढतो, आणि व्याजाचे राउंडिंगचे नियम लिहून शनिवारच्या मंडळाच्या सभेत ठेवतो. मसुदा इथे टाकला तर बघाल का ताई?

सीए_ताई
टाक. कलमवार लिही, आणि प्रत्येक नियमाखाली आकड्यांचं एक उदाहरण दे, ६० रुपये शिल्लकवालं नक्की घाल.